अज्ञात सैनिक-स्मारक

अज्ञात सैनिक-स्मारक : युद्धात कामी आलेल्या, परंतु ज्याची ओळख पटू शकली नाही, अशा एका सैनिकाचे अवशेष राष्ट्राच्या वतीने समारंभपूर्वक पुरून त्यांवर उभारलेले स्मारक. त्या एका सैनिकाच्या ठायी राष्ट्रातील सर्व युद्धमृतांचे प्रतिनिधित्व कल्पिलेले असते. व्यापक अर्थाने, ज्यांत कोणाचेही अवशेष नाहीत अशा, परंतु त्याच हेतूने बांधलेल्या स्मारकांचाही समावेश या संज्ञेत करण्यात येतो. राष्ट्रप्रमुखांनी पुष्पचक्र वाहणे, ध्वज अर्ध्यावर उतरविणे, ठराविक काळ मौन पाळणे, बिगुलावर अखेरची धून वाजविणे, ज्योत अखंड तेवत ठेवणे इ. जे शासकीय संकेत युद्धमृतांच्या सन्मानार्थ आज जगभर रूढ आहेत, ते बहुतांशी या स्मारकाच्या आश्रयाने स्थिरावले आहेत.

या स्मारकाचे मर्म अनामिकतेत आहे. मृताचे नाव, हुद्दा, गाव, जात वा धर्म ठाऊक नसल्यामुळे ज्या कोणाचा पुत्र, पती वा पिता रणांगणातून परतला नाही, त्याला ‘हा माझाच असू शकेल’ असे मानता येते. आणि सेनापती व सामान्य शिपाई यांतील भेद तेथे आपोआप लोप पावतो. मात्र सैनिक अनामिक होतो तो दोन कारणांनी. युद्धाच्या संहारात त्याचे नाव पुसले जाते, हे एक. आणि ज्यांनी नाव नोंदवावयाचे त्यांनी ते नोंदविले नाही, हे दुसरे. पहिल्या प्रकारच्या अनामिकतेचा गौरव करणे हा सन्मान होय. दुसऱ्या प्रकारची अनामिकता ही उपेक्षा होय. या स्मारकांच्या इतिहासात हा भेद वारंवार प्रत्ययास येतो.

पूर्वपीठिका : युद्धमृतांचा राज्यसंस्थेने सन्मान करण्याची प्रथा प्राचीन आहे. ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझ याने इ. स. पू. ४३१ च्या हिवाळ्यात अथेन्स येथे झालेल्या सार्वजनिक अंत्यविधीचे वर्णन केले आहे. प्रत्येक गणाच्या मृतांच्या अस्थी एकेका पेटीत ठेवून त्या मिरवीत नेण्यात आल्या. ज्यांचे देह हाती लागले नव्हते त्यांच्यासाठी एक रिकामी, आच्छादित तिरडीही मिरवणुकीत होती. पेरिक्लीझचे प्रसिद्ध भाषण याच प्रसंगी झाले. न सापडलेल्या सैनिकासाठी समाजाने जागा राखून ठेवावी, ही कल्पना येथे स्पष्टपणे आढळते. रिकाम्या समाधीसाठी यूरोपीय भाषांत रूढ असलेला ‘सेनोटॅफ’ हा शब्दही ग्रीकच आहे. पुढील काळात मात्र विजयकमानी, विजयस्तंभ व सेनापतींचे अश्वारूढ पुतळे यांनाच प्राधान्य मिळाले. सामान्य शिपाई सामुदायिक खड्ड्यात पुरला जाई व त्याच्या नावाची नोंद क्वचितच राहत असे.

महाराष्ट्रात या संदर्भात वीरगळांचा उल्लेख करावा लागेल [⟶ वीरगळ]. गावाच्या वेशीवर वा देवळाच्या आवारात उभ्या असलेल्या या शिळांवर सामान्यतः खालच्या चौकटीत लढाई व वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि शिरोभागी चंद्रसूर्य कोरलेले असतात. काही वीरगळांवर लेख आहेत. परंतु बहुसंख्य शिळा लेखविरहित असून त्या कोणाच्या, हे आज सांगता येत नाही. वीरगळ सर्वस्वी राजसत्तेने उभारलेले नसतात. तथापि गावासाठी, गोधनासाठी वा धन्यासाठी प्राण वेचणाऱ्याचे ऋण दगडावर नोंदवून ठेवण्याची लोकरीत त्यांत दिसून येते.

ज्या काळी सामान्य शिपायाचे नाव स्मारकावर कोरण्याची पद्धत विरळ होती, त्या काळातील एक उल्लेखनीय उदाहरण पुणे जिल्ह्यातील कोरेगाव येथे आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी झालेल्या लढाईच्या स्मरणार्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तेथे स्तंभ उभारला. त्याची पायाभरणी १८२१ मध्ये झाली. स्तंभावर इंग्रजी व मराठी लेख असून कामी आलेल्या ४९ सैनिकांची नावे आहेत. त्यांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने अंत पावणारी म्हणजे महार शिपायांची आहेत. कंपनीचा हेतू आपल्या पराक्रमाची घोषणा करण्याचा होता. परंतु शंभर वर्षांनी, सैन्यभरतीतून महार समाज वगळला गेल्यानंतरच्या काळात, ही नावे त्या समाजाच्या शौर्याचा लेखी पुरावा ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे जाऊन मानवंदना दिली. कोरलेल्या नावाचे सामर्थ्य कोरणाऱ्याच्या हेतूपेक्षा अधिक टिकाऊ असते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

उद्‌गम : अज्ञात सैनिक-स्मारक हे आजच्या स्वरूपात पहिल्या महायुद्धाचे (१९१४–१८) अपत्य होय. त्या युद्धात सैन्ये लक्षावधींची होती व त्यांत भाडोत्री शिपायांऐवजी नागरिक लढत होते. प्रचंड तोफमाऱ्यामुळे देह छिन्नविच्छिन्न होत. एकदा पुरलेली प्रेतेही त्याच भूमीवर पुन्हा लढाई झाल्याने नष्ट होत. त्यात ओळख ठेवण्याच्या पद्धतीतील एका उणिवेची भर पडली. ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात आरंभी एकच ओळखबिल्ला असे. मृत्यूची वर्दी देण्यासाठी सोबती तो काढून नेत आणि मागे राहिलेला देह निनावी होई. १९१६ च्या उत्तरार्धात दोन बिल्ले देण्याची पद्धत सुरू झाली : एक नोंदीसाठी काढावयाचा व दुसरा देहावर ठेवावयाचा. तथापि युद्धाअखेर ब्रिटिश साम्राज्याच्या सु. अकरा लाख मृतांपैकी जवळजवळ निम्म्यांचे थडगे ज्ञात नव्हते.

थडग्यांची व्यवस्थित नोंद ठेवण्याचे कार्य फेबियन वेअर याने १९१४ मध्ये रेडक्रॉसच्या एका तुकडीसह हाती घेतले. त्याच्याच प्रयत्नांतून २१ मे १९१७ च्या राजसनदेने ‘इंपीरियल वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन’ या संस्थेची स्थापना झाली (१९६० पासून ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन’). प्रत्येक मृताचे नाव थडग्यावर वा स्मारकावर कोरले जावे आणि हुद्दा, वंश वा धर्म यांवरून भेद केला जाऊ नये, ही या संस्थेची तत्त्वे होत. मृतदेह मायदेशी नेण्यास मनाई करण्यात आली. कारण ज्यांना खर्च परवडेल तेच तो नेऊ शकले असते. सर्व थडग्यांवर एकाच आकाराच्या शिला बसविण्यात आल्या. यास मृतांच्या अनेक कुटुंबीयांनी विरोध केला. देहावर हक्क शासनाचा की आप्तांचा, हा प्रश्न ब्रिटिश संसदेत १९२० मध्ये चर्चिला गेला आणि शेवटी समानतेचे तत्त्व मान्य झाले. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या शिलेवर, हा सैनिक केवळ ईश्वरास ज्ञात आहे, अशा अर्थाचे शब्द कोरण्यात आले. ते रड्यर्ड किपलिंगने सुचविले होते. त्याचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लढाईत बेपत्ता झाला होता.

मायदेशी देह नाही आणि अनेकांच्या बाबतीत परदेशीही थडगे नाही, अशा अवस्थेतील कुटुंबांना शोक व्यक्त करण्यासाठी एखादे स्थान हवे होते. डेव्हिड रेल्टन या लष्करी धर्मगुरूने १९१६ मध्ये फ्रान्समधील आर्मांत्येर गावाजवळ एका घराच्या बागेत एक थडगे पाहिले. त्यावरील लाकडी क्रुसावर, हा एक अज्ञात ब्रिटिश सैनिक आहे, अशी पेन्सिलीने लिहिलेली नोंद होती. अशा एका सैनिकास राजांच्या पंक्तीत पुरावे, ही कल्पना त्याने ऑगस्ट १९२० मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेचे प्रमुख हर्बर्ट राइल यांना कळविली. राजा पाचवा जॉर्ज प्रथम साशंक होता. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी मात्र ती उचलून धरली. निरनिराळ्या रणक्षेत्रांतून अनोळखी देह उकरून आणण्यात आले व एका ब्रिगेडियरने रात्री त्यांतून एकाची निवड केली. कोणता देह कोठला, हे त्याला सांगण्यात आले नव्हते. ११ नोव्हेंबर १९२० रोजी तो देह ॲबेमध्ये फ्रान्समधून आणलेल्या मातीत पुरण्यात आला. समारंभास पाचारण केलेल्यांत, पती व सर्व पुत्र गमावलेल्या सु. शंभर स्त्रियांना अग्रस्थान देण्यात आले होते. ॲबेतील इतर थडग्यांवरून लोक चालत जातात. या एका शिलेवर पाऊल ठेवण्याची मुभा आजही नाही. त्याच दिवशी सकाळी व्हाइटहॉल मार्गावरील, एडविन लट्येन्झने रचलेल्या रिकाम्या समाधीचेही अनावरण झाले. १९१९ च्या विजयसंचलनासाठी ती प्रथम लाकूड व गिलावा यांची तात्पुरती उभारली होती. परंतु लोकांनी तिच्याभोवती फुलांच्या राशी घातल्या आणि लोकाग्रहास्तव ती दगडात कायम करण्यात आली.

फ्रान्समध्ये व्हर्दंच्या किल्ल्यात १० नोव्हेंबर १९२० रोजी आठ शवपेट्या मांडण्यात आल्या व ओग्यूस्त तँ या तरुण शिपायास त्यांपैकी एकीवर फुले ठेवण्यास सांगण्यात आले. आपल्या १३२ क्रमांकाच्या पलटणीतील अंकांची बेरीज सहा होते, म्हणून त्याने सहावी पेटी निवडली. दुसऱ्या दिवशी ती पॅरिसला नेण्यात आली व २८ जानेवारी १९२१ रोजी नेपोलियनने आरंभिलेल्या विजयकमानीखाली पुरण्यात आली. सेनापतींची नावे कोरलेल्या कमानीच्या पायाशी निनावी शिपाई आला, हा बदल अर्थपूर्ण होता. ११ नोव्हेंबर १९२३ रोजी तेथे ज्योत पेटविण्यात आली. दररोज सायंकाळी ती नव्याने प्रज्वलित करण्याचा विधी जर्मन अंमलाच्या काळातही चालू राहिला.

प्रसार : लंडन व पॅरिस येथील उदाहरणांचे अनुकरण अल्पावधीतच अनेक देशांनी केले. निवड कोणी करावयाची, यात मात्र प्रत्येक देशाची भावना प्रकट झाली. इटलीत १९२१ मध्ये, जिच्या मुलाचा देह सापडला नव्हता अशा मारिया बेर्गामास या मातेने अकरा पेट्यांतून एक निवडली. बेल्जियममध्ये १९२२ साली हे काम युद्धात अंध झालेल्या एका सैनिकावर सोपविण्यात आले. अमेरिकेने आपला अज्ञात सैनिक ११ नोव्हेंबर १९२१ रोजी आर्लिंग्टन येथे पुरला; तेथे १९३७ पासून अहोरात्र पहारा असतो. सोव्हिएट रशियात दुसऱ्या महायुद्धातील अज्ञात सैनिकाचे अवशेष डिसेंबर १९६६ मध्ये मॉस्कोच्या क्रेमलिनलगत पुरण्यात आले व १९६७ मध्ये तेथे अखंड ज्योत पेटविण्यात आली. ऑस्ट्रेलिया (१९९३), कॅनडा (२०००) व न्यूझीलंड (२००४) यांनी आपले सैनिक फ्रान्समधून फार उशिरा परत आणले. साम्राज्याच्या सामायिक स्मृतीपासून स्वतंत्र अशी राष्ट्रीय स्मृती निर्माण करण्याची इच्छा त्यामागे होती. बर्लिनमधील ‘नॉय वाखे’ या वास्तूचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९३१ मध्ये ती युद्धमृतांचे स्मारक झाली. १९६९ मध्ये पूर्व जर्मनीच्या शासनाने तेथे अज्ञात सैनिकाशेजारी छळछावणीतील अज्ञात कैद्याचेही अवशेष पुरले आणि एकीकरणानंतर १९९३ मध्ये तेथे मृत पुत्राला कवटाळणाऱ्या मातेचे केटे कोलव्हिट्स हिचे शिल्प मोठ्या आकारात बसविण्यात आले. एकच वास्तू राजवटीगणिक निराळे बोलू शकते, हे यावरून दिसून येते.

सन्मानाचे संकेत : या स्मारकांशी निगडित असलेले विधी साधे आहेत व त्यांचा अर्थ बहुधा सैनिकी व्यवहारातूनच आलेला आहे. दोन मिनिटांचे मौन साम्राज्यभर प्रथम ११ नोव्हेंबर १९१९ रोजी पाळण्यात आले; पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केपटाउन शहरात चालू असलेल्या प्रथेवरून ते सुचले होते. मौनात शब्द नसल्यामुळे भिन्न धर्मांचे लोक त्यात एकत्र येऊ शकतात. ‘लास्ट पोस्ट’ ही धून मुळात छावणीत दिवसाअखेर शेवटच्या पहाऱ्याची तपासणी पूर्ण झाल्याची सूचना देणारी आहे. अंत्यविधीत ती सैनिकाचे कर्तव्य संपल्याचे सुचविते. बेल्जियममधील ईप्र येथील मेनिन दरवाजाखाली १९२८ पासून, जर्मन अंमलाचा काळ वगळता, ती दररोज सायंकाळी वाजविण्यात येते. ‘शोकशस्त्र’ या कवायतीत सैनिक बंदुकीची नळी जमिनीकडे करून मान खाली घालतात. उलट्या बंदुकीवर ठेवलेले शिरस्त्राण हे चिन्ह तर रणांगणातील निकडीतून जन्मले : पडलेल्या सोबत्याची जागा पुढे सापडावी, म्हणून त्याचीच बंदूक जमिनीत रोवून तीवर शिरस्त्राण ठेवीत. भारतीय ध्वजसंहितेनुसार सैनिकी अंत्यविधीत राष्ट्रध्वज केशरी पट्टा मस्तकाकडे करून पार्थिवावर आच्छादतात. परंतु तो थडग्यात पुरीत नाहीत वा चितेवर जाळीत नाहीत.

भारतीय सैनिक व साम्राज्य : पहिल्या महायुद्धात अविभाजित भारतातील सु. ७४,००० सैनिक मृत्यू पावले. फ्रान्समधील नव्ह-शापेल येथे १९२७ मध्ये हर्बर्ट बेकरने रचलेले भारतीय स्मारक उभारण्यात आले; त्यावर थडगे ज्ञात नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ ५३ हिंदू व शीख सैनिकांचे जेथे दहन झाले, तेथे १९२१ मध्ये छत्री बांधण्यात आली. नवी दिल्लीतील लट्येन्झकृत ‘इंडिया गेट’ या ४२ मी. उंच कमानीची पायाभरणी १० फेब्रुवारी १९२१ रोजी, तर उद्‌घाटन १२ फेब्रुवारी १९३१ रोजी झाले. पहिले महायुद्ध व १९१९ चे अफगाण युद्ध यांतील मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या कमानीवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. मुंबईत मशीद बंदरानजीकच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात मृत झालेल्या, समुद्राखेरीज ज्यांना दुसरी समाधी नाही अशा, दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक आहे. पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मशानभूमीतही, ज्यांची भारतातील दूरवरची थडगी जतन करणे शक्य नव्हते, अशा त्याच युद्धातील मृतांची नावे नोंदविलेली आहेत.

तथापि समानतेचे तत्त्व सर्वत्र सारख्याच निष्ठेने पाळले गेले नाही. यूरोपात ते बहुतांशी अमलात आले. आशिया व आफ्रिकेत त्याला मुरड घालण्यात आली. इराकमधील बसरा स्मारकावर (१९२९) ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. पूर्व आफ्रिकेत नैरोबी, मोंबासा व दारेसलाम येथे आफ्रिकी सैनिक व भारवाहक यांचे पुतळे उभारण्यात आले. त्यांवर नावे नाहीत. स्थानिक लोकांना व्यक्तिगत थडग्याचे वा नावाचे महत्त्व वाटत नाही, असा समज त्यासाठी पुढे करण्यात येई. ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन’ने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता मान्य केली. अहवालाच्या अंदाजानुसार ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने करण्यात आले. किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, वा मुळीच झाले नाही. यांत आफ्रिकी व भारतीय यांची संख्या मोठी होती. संस्थेने याबद्दल क्षमा मागितली, ब्रिटिश शासनानेही संसदेत दिलगिरी व्यक्त केली आणि नावांचा शोध घेण्याचे काम हाती घेण्यात आले. बसऱ्याच्या शिपायांना नावे होती. ती नोंदवह्यांत होती. ती दगडावर आली नाहीत. लंडनच्या ॲबेतील अज्ञात योद्धा व हे शिपाई यांतील अंतर नेमके हेच आहे.

स्वतंत्र भारत : डिसेंबर १९७१ च्या युद्धानंतर इंडिया गेटच्या कमानीखाली ‘अमर जवान ज्योती’ उभारण्यात आली व २६ जानेवारी १९७२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तिचे उद्‌घाटन केले. काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर उलटी बंदूक, तीवर शिरस्त्राण आणि ज्योती अशी तिची रचना होती. तिच्याखाली कोणाचेही अवशेष नव्हते. बहुसंख्य मृतांचे दहन करणाऱ्या देशात ‘पुरलेला सैनिक’ ही कल्पना जशीच्या तशी रुजणे कठीण होते. तिच्या जागी ज्योत आली, हे स्वाभाविक होय. घरातील दिवंगतासाठी दिवा लावण्याच्या परिपाठाशीही ती जुळणारी होती. पुढील जवळजवळ अर्धशतक प्रजासत्ताकदिनी संचलनापूर्वी पंतप्रधान तेथे पुष्पचक्र वाहत.

तथापि स्वातंत्र्योत्तर काळातील मृतांची नावे असलेले राष्ट्रीय स्मारक नव्हते. इंडिया गेटवरील नावे ब्रिटिशकालीन युद्धांतील होती. अशा स्मारकाची मागणी दीर्घकाळ होत राहिली. इंडिया गेटनजीक उभारलेल्या ‘राष्ट्रीय समर स्मारका’चे उद्‌घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २५ फेब्रुवारी २०१९ रोजी केले. त्याची रचना चार समकेंद्री चक्रांची आहे : मध्यभागी ज्योतीसह स्तंभ असलेले अमर चक्र, लढायांची ब्राँझशिल्पे असलेले वीरता चक्र, नावांचे त्याग चक्र व वृक्षराजीचे रक्षक चक्र. त्याग चक्रातील ग्रॅनाइटच्या फलकांवर उद्‌घाटनसमयी २५,९४२ नावे होती. नवी नावे त्यांत समाविष्ट करण्यात येतात. परमवीरचक्र मिळविणाऱ्या २१ वीरांचे अर्धपुतळे लगतच्या परमयोद्धा स्थळावर आहेत. २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटखालील ज्योत या स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली व त्याच वर्षी मे महिन्यात बंदूक व शिरस्त्राणही परमयोद्धा स्थळी हलविण्यात आले. या निर्णयावर मतभेद झाले. ज्यांच्यासाठी ज्योत होती त्यांची नावे जेथे आहेत तेथेच ती असावी, असे समर्थकांचे म्हणणे होते. तर पन्नास वर्षांच्या लोकभावनेने पवित्र झालेले स्थान विझवू नये, असे विरोधकांना वाटत होते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यामागे एकच जाणीव होती : असे प्रतीक शासनाच्या मालकीचे राहत नाही, ते स्मरण करणाऱ्यांचे होते.

विज्ञान व अनामिकता : विसाव्या शतकाच्या अखेरीस अनुवंशशास्त्रातील प्रगतीमुळे या स्मारकांपुढे नवाच प्रश्न उभा राहिला. आर्लिंग्टन येथे १९८४ मध्ये व्हिएटनाम युद्धातील अज्ञात सैनिक पुरण्यात आला होता. १९९८ मध्ये कुटुंबीयांच्या आग्रहावरून अवशेष बाहेर काढून डीएनए परीक्षा करण्यात आली; ते १९७२ मध्ये पाडलेल्या विमानाच्या वैमानिकाचे असल्याचे सिद्ध झाले व ते कुटुंबाच्या स्वाधीन करण्यात आले. ती जागा मुद्दाम रिकामी ठेवण्यात आली असून १९९९ पासून ती बेपत्ता सैनिकांना अर्पण केलेली आहे. दरम्यान १९८२ मध्ये वॉशिंग्टन येथे माया लिन हिने रचलेल्या व्हिएटनाम स्मारकभिंतीवर सु. ५८,००० नावे हुद्द्यांविना, मृत्यूच्या कालक्रमाने कोरण्यात आली होती. एका निनावी देहाऐवजी प्रत्येकाचे नाव, असा स्मारककल्पनेचा कल तेव्हापासून अधिक दृढ झाला आहे. भारतीय राष्ट्रीय समर स्मारक याच प्रवाहातील होय.

मूल्यमापन : या शासकीय सन्मानांवर दोन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, त्यांमुळे युद्धाचे उदात्तीकरण होते व मृत्यूची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न फुलांखाली झाकला जातो. ब्रिटनमध्ये याच भावनेतून १९३३ पासून काही लोक लाल पॉपीऐवजी पांढरी पॉपी लावू लागले. दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे : पुष्पचक्रास खर्च थोडा व प्रसिद्धी पुष्कळ, उलट वीरपत्नीचे निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण व अपंग सैनिकाचे पुनर्वसन यांस खर्च पुष्कळ व प्रसिद्धी थोडी. म्हणून शासन सुलभ मार्ग पत्करण्याचा धोका असतो. हे आक्षेप निराधार नाहीत. परंतु त्यांवरून प्रतीके निरर्थक ठरत नाहीत. प्रतीकाने शासन जाहीरपणे एक ऋण मान्य करते आणि जाहीरपणे मान्य केलेल्या ऋणाची आठवण नागरिक त्याला करून देऊ शकतात. भारतात ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळण्यात येतो. त्या दिवशी ध्वजचिन्हाबरोबर सैनिक-कल्याणासाठी निधी गोळा करण्यात येतो. सन्मान व उत्तरदायित्व यांची अशी सांगड असणे इष्ट होय.

अज्ञात सैनिक-स्मारकाची योग्यता त्याच्या उंचीवरून वा समारंभाच्या थाटावरून ठरत नाही. एका निनावी शिपायाला राजांशेजारी जागा देणारे राष्ट्र, ज्यांची नावे ठाऊक आहेत अशा शिपायांची नावे नोंदविते की नाही, त्यांच्या आप्तांचा शोध घेते की नाही, यावरून ती ठरते. एक देह खरोखर अज्ञात आहे म्हणूनच तो सर्वांचा होऊ शकतो. परंतु उरलेल्यांपैकी ज्यांची नावे मिळविणे शक्य आहे ती मिळविली जातात, तोपर्यंतच या कल्पनेतील प्रामाणिकपणा टिकून राहतो.